उस्तादांची दुसरी चावी

“तुमच्या वाटणीतली एक बाजू आत्ताच लिफ्टच्या खड्ड्यातून बाहेर काढली,” फोनवर फौजदार म्हणाले. “जिवंत आहे. दुसऱ्या बाजूला मी संध्याकाळपर्यंत आत टाकणार. तुम्ही कागद थांबवा.”

वाटणीबाईंनी हातातला चहा खाली ठेवला.

त्यांचं खरं पद पेन्शन निधीतल्या तपासनीस असं होतं. पण नवरा-बायको वेगळे झाले की पेन्शनची वाटणी त्याच करत, म्हणून अख्खं ऑफिस त्यांना वाटणीबाई म्हणायचं. तोंडावरसुद्धा. संसार मोडताना माणसं भांड्यांवरून भांडतात, घरावरून भांडतात, कुत्रा कोणाकडे राहणार यावरून भांडतात. पण गाडी पेन्शनवर आली की भांडणाचा रंगच बदलतो, हे त्यांनी रोज पाहिलेलं. आपल्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या माणसासोबत, सुखाने खर्च होणार हा विचार भल्याभल्यांची झोप उडवतो.

“कुठली केस?” त्यांनी विचारलं.

“लिफ्टवाले उस्ताद आणि त्यांची बायको.”

वाटणीबाईंना नवल वाटलं. त्या केसमध्ये भांडण नव्हतंच. उस्ताद लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत एकतीस वर्षं कामाला. त्यातली सव्वीस वर्षं दोघांनी संसार केला. तीन वर्षांपूर्वी उस्ताद घर सोडून दुसऱ्या बाईकडे राहायला गेले. सव्वीस वर्षांत जमलेल्या पेन्शनचा अर्धा भाग बायकोचा, असा नियम. दोघांनी मान डोलावली होती. शुक्रवारी शिक्का बसला की घटस्फोटही पक्का, वाटणीही पक्की.

“सरळ आहे बाई,” फौजदार म्हणाले. “शिक्क्याआधी नवरा गेला तर ती कायद्याने अजून बायकोच. विधवा म्हणून सगळी पेन्शन तिची. शिक्का बसला की अर्ध्यावर समाधान. मग घाई कोणाला होती?”

“आणि जोडीदाराच्या जिवावर उठल्याचं सिद्ध झालं तर तिचं अर्धंही जातं.”

“तेच म्हणतोय मी.”

“संध्याकाळपर्यंत तिला हात लावू नका,” वाटणीबाई म्हणाल्या. “चोपन्न वर्षांची बाई आहे. स्वतःची नोकरी नाही, पेन्शन नाही. तिचं उरलेलं आयुष्य त्या अर्ध्यावर आहे. ते मी फोनवर पुसून टाकणार नाही.”

फौजदारांनी मोठा सुस्कारा सोडला. पण हो म्हणाले.

*

ती सहा मजली ऑफिसची इमारत होती. लिफ्ट एकच, आणि तीही जुनी. तळमजल्यावर स्वागताचं टेबल, टेबलामागे गळ्यात रेशमी रुमाल बांधलेली चाळिशीतली बाई. तिचे डोळे रडून लाल झाले होते. हिच्याचसाठी उस्तादांनी घर सोडलं होतं. लिफ्ट दुरुस्त करायला यायचे, ती बिघडलेली नसली तरी यायचे, आणि शेवटी हिच्याकडेच राहायला गेले. इमारतीत सगळे तिला स्वागतिका म्हणत.

“सकाळी ती आली होती,” वाटणीबाई बसायच्या आतच स्वागतिका म्हणाली. “माझ्यासमोरून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.”

“कुठे गेली?”

“लिफ्टकडे, मागच्या बोळात. दहा-एक मिनिटांनी परत आली आणि बाहेर पडली. त्यानंतर थोड्याच वेळात ह्याची किंकाळी ऐकू आली.”

“त्या इथे का आल्या होत्या?”

“कुठल्याशा कागदावर सही करायला म्हणे. ह्यानेच बोलावलं होतं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, घरी ये, माझ्यासमोर कर सही. पण मला कोण विचारतंय!”

वाटणीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तुमचा राग तिच्यावर आहे का उस्तादांवर?”

स्वागतिकेने रुमालाची गाठ उगाच घट्ट केली. “ह्या लिफ्टवाल्या लोकांत एक पद्धत आहे. प्रत्येकाचं आपलं कुलूप, त्याला दोन चाव्या. एक स्वतःच्या गळ्यात, दुसरी घरच्या बाईकडे. तीन वर्षं घरची बाई मी आहे. चावी मात्र तिच्याकडे. मी म्हटलं, आण. म्हणाला, आणतो. परत म्हटलं, आण. म्हणाला, राहू दे ना, काय बिघडतंय? आता कळलं काय बिघडतं ते!”

“तुम्हाला ती चावी कशाला हवी होती?”

“मला चावी नको होती हो,” ती फणकाऱ्याने म्हणाली. “तिच्याकडे नको होती.”

हा मत्सर अगदी स्वच्छ होता, दाराशी काढून ठेवलेल्या चपलांसारखा समोर दिसणारा. वाटणीबाईंना तो जवळजवळ आवडलाच. त्यांनी आणखी एकच विचारलं.

“उस्ताद कामावरून वेळेवर घरी येतात?”

“यायचा. हल्ली उशीर होतो. म्हणतो, चालत आलो. बस दारात थांबते आणि हा चालत येतो! लांबच्या रस्त्याने.”

*

बोळाच्या टोकाला लिफ्टचं दार आणि त्याशेजारी भिंतीवर विजेच्या मोठ्या स्विचची पेटी. तिथे उस्तादांचा मदतनीस उभा होता. अंगाने इतका बारीक, की त्याला सगळे काडी म्हणत. बारा वर्षं तो उस्तादांच्या हाताखाली होता आणि उस्तादांचं नाव घेताना अजून त्याची मान खाली जात होती.

“हे कुलूप कशासाठी?” वाटणीबाईंनी विचारलं.

“खड्ड्यात उतरायचं तर आधी स्विच बंद करायचा आणि पेटीला आपलं कुलूप घालायचं. म्हणजे आम्ही आत असताना कोणी वीज चालू करू शकत नाही. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. साहेब आला तरी काढत नाही.”

“आणि दुसरी चावी घरी का?”

“माणूस आतच गेला, तर घरच्यांनी येऊन काढायचं.” काडी सहज बोलून गेला आणि मग ओशाळला. “असं आपलं म्हणतात. जुन्या लोकांनी पाडलेली पद्धत.”

“आज सकाळी काय झालं ते सुरुवातीपासून सांगा.”

“आम्ही दोघं आलो. उस्तादांनी लिफ्ट वर पाठवली. म्हणाले, मी खड्डा साफ करतो, तू गच्चीवर जाऊन मशीनला ग्रीस भर. ते पेटीला कुलूप टांगत होते तेव्हा मी जिना चढायला लागलो.”

“मग?”

“ग्रीस भरत होतो. उस्तादांची किंकाळी ऐकली. एकच. मग काही नाही. मी जिने उतरत सुटलो. सहा मजले, दोनदा घसरलो. खाली येऊन बघतो तर पेटीवरचं कुलूप उघडं लोंबतंय आणि स्विच चालू! माझ्या तोंडचं पाणी पळालं. आधी स्विच बंद केला. लिफ्ट दारात निम्म्यावर येऊन उभी होती. खालच्या फटीतून आत उतरलो. उस्ताद पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, निपचित. हाका मारल्या, गाल थोपटले, तेव्हा डोळे उघडले. डाव्या मनगटाचा पार चुरा. तशा अवस्थेत त्यांना त्या फटीतून वर काढणं शक्यच नव्हतं. म्हणून लाल बटण ओढलं, वर आलो, स्विच चालू करून लिफ्ट एक मजला वर घेतली, परत बंद करून माझं कुलूप घातलं आणि वॉचमनला घेऊन त्यांना बाहेर काढलं.”

“उस्तादांची चावी?”

“त्यांच्या गळ्यातच होती. शर्टाच्या आत.”

“म्हणजे कुलूप दुसऱ्या चावीने उघडलं?”

काडीने पेटीवरून हात फिरवला. “वहिनी तशा नाहीत हो,” तो म्हणाला.

*

वहिनी पडद्यांच्या दुकानात होत्या. दुकान चार रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं, दर्शनी भागात मोठी काच आणि काचेत निळ्या पट्ट्यांचे पडदे. वहिनी गेली दोन वर्षं इथे पडदे शिवत होत्या. दुकानाचा मालक पडदेवाला विधुर, साठीचा, चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधणारा माणूस. त्याने वाटणीबाईंना खुर्ची दिली, वहिनींच्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला आणि न सांगता आतल्या खोलीत गेला.

“तुम्ही त्या इमारतीत का गेलात?” वाटणीबाईंनी विचारलं.

“त्यांचा फोन आला. म्हणाले, वाटणीच्या कागदावर एक सही राहिलीये, बोळात लिफ्टपाशी थांब, मी येतो. मी थांबले. कोणी आलं नाही. मशीनवर काम टाकून गेले होते, म्हणून परत आले.”

“वाटणीच्या कागदावर सही राहिलेली नाही,” वाटणीबाई म्हणाल्या. “कागद माझ्याकडे आहेत.”

वहिनींनी मान वर केली.

“पेटीवर कुलूप होतं?”

“मी पेटीकडे बघितलं नाही. बाकावर बसून होते.”

“दुसरी चावी कुठे आहे?”

वहिनींनी मशीनशेजारचा बटणांचा डबा उघडला. तळातून एक पितळी चावी काढून टेबलावर ठेवली. तिला पांढऱ्या दोऱ्याचं वेटोळं होतं.

“तीन वर्षं का ठेवलीत?”

“त्यांनी मागितली नाही.”

“फेकून द्यायची.”

“कशी फेकणार?” वहिनींना खरंच कळेना. “माणूस आत अडकला आणि ह्याच चावीवाचून मेला तर? घर सोडून गेले म्हणून खड्ड्यात मरावेत असं थोडंच आहे!”

वाटणीबाईंनी चावी उचलली. ही चावी घेऊन फौजदार न्यायालयात उभे राहिले, तर बाईचं काही खरं नव्हतं. इमारतीत ती होती. चावी तिच्याकडे होती. नवरा मेला तर फायदा तिचा होता. तिच्या बाजूने बोलणारं होतं फक्त तिचं तोंड.

“अर्धं मिळालं तर काय करणार आहात?” त्यांनी जाता जाता विचारलं.

“भावाच्या घरी राहते. भावजय बोलत नाही, पण ताट आपटून वाढते. एक खोली घेईन. बस.”

“आणि मालक?”

वहिनींच्या गालावर चक्क रंग चढला. “ते चांगले आहेत,” एवढंच त्या म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

*

दवाखान्यात उस्ताद उशीला टेकून बसले होते. भरदार शरीर, पिकलेल्या मिशा, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर.

“काय घडलं ते सांगा,” वाटणीबाई म्हणाल्या.

“मी खाली, गुडघ्यावर. फरशी खरवडत होतो. वर घरघर झाली. बघतो तर लिफ्ट येतेय. हात वर केला, लिफ्टचा तळ हातावर आला. ओरडलो. पुढचं मला ठाऊक नाही.”

“शुद्ध गेली?”

“तिथल्या तिथे. डोळे उघडले तेव्हा समोर काडी.”

“मधल्या वेळात जराही हालचाल केली नाहीत? उठायचा, शिडीपर्यंत जायचा प्रयत्न?”

“बाई, शुद्धच नव्हती तर उठणार कसा?”

“लिफ्ट मग थांबली कशी?”

“काडीने स्विच बंद केला ना. पोरामुळे वाचलो.”

“कुलूप घातलं होतं?”

“एकतीस वर्षांत कधी विसरलो नाही. चावी माझ्या गळ्यात. दुसरी कोणाकडे आहे ते तुम्हाला कळलंच असेल.” त्यांनी डोळे मिटले. “मी तिचं वाईट चिंतत नाही. पण नियम तो नियम. जिने असं केलं तिला माझ्या पेन्शनमधला एक पैसा जाऊ नये.”

“तुमच्या नाही,” वाटणीबाई शांतपणे म्हणाल्या. “दोघांच्या. तुम्ही लिफ्टखाली होतात तेव्हा घर त्यांनी चालवलं, मुलीला वाढवलं, तुमचा डबा भरला. म्हणून अर्धं.”

उस्तादांनी डोळे उघडले. “तुम्ही दुकानात गेला होतात?”

“हो.”

“तो होता?”

“कोण?”

“तोच. चष्मा कपाळावर घेऊन हिंडणारा.” उस्ताद ताठ बसले. दुखऱ्या हाताची त्यांना आठवण राहिली नाही. “काचेत अजून निळे पट्टेच आहेत ना? चार वाजता दोघं चहा घेतात. दोन कप तोच विसळतो. सव्वीस वर्षं मी कप विसळला नाही म्हणून मी वाईट!”

मनगट मोडलेला माणूस मनगटाविषयी विचारत नव्हता, लिफ्टविषयी विचारत नव्हता. दुसऱ्याच्या दुकानातले कप मोजत होता. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

*

त्या पुन्हा इमारतीत आल्या तेव्हा काडी निघायच्या तयारीत होता.

“मला खड्डा बघायचाय,” वाटणीबाई म्हणाल्या.

“साडी मळेल हो.”

“मळू दे.”

काडीने लिफ्ट वर पाठवली, स्विच बंद केला, कुलूप घातलं. दार उघडून दाराशेजारच्या लोखंडी शिडीवर पाय ठेवला. “जपून या. खालच्या दोन पायऱ्या तेलकट आहेत. उस्तादांना मी किती वेळा म्हटलं, ह्या पायऱ्या बदलून घेऊ, पण…” तो बोलत बोलत उतरला आणि बोलता बोलताच त्याचा उजवा हात शिडीशेजारच्या भिंतीवर गेला. खट्ट आवाज झाला.

“हे काय केलंत?” वाटणीबाईंनी विचारलं.

“काय केलं?”

“आत्ता. हाताने.”

काडीने वळून भिंतीकडे पाहिलं. तिथे मुठीएवढं लाल बटण आत दाबलेलं होतं. तो हसला. “अरे हो. हात जातोच. खड्ड्यात पाय ठेवला की पहिलं हे. उस्तादांनी पहिल्या दिवशी कानाखाली वाजवून शिकवलं होतं.”

“ह्याने काय होतं?”

“दाबलेलं असेल तर लिफ्ट जागची हलत नाही. वीज चालू असो नाहीतर बंद. ओढून बाहेर काढलं की मग चालते.”

वाटणीबाई शिडीच्या मधल्या पायरीवरच थांबल्या. खड्ड्याची पलीकडची भिंत बटणापासून चांगली लांब होती. मध्ये मोठाल्या स्प्रिंगा. तिथे बसलेल्या माणसाचा हात इथे पोचणं शक्य नव्हतं.

“हे बिघडलेलं तर नाही?”

“नाही. अपघातानंतर कंपनीच्या साहेबांसमोर तीनदा तपासलं. चोख आहे.”

“काडीभाऊ,” वाटणीबाई म्हणाल्या, “लिफ्टला वरच्या मजल्यावरून तळाशी यायला जास्त वेळ लागतो, का तुम्हाला सहा जिने उतरायला?”

“मला. लिफ्ट तेवढ्यात दोनदा खाली येऊन जाईल.”

असं म्हणून काडी हसला. मग त्याचं हसू हळूहळू विझलं आणि त्याची नजर परत लाल बटणाकडे गेली.

*

संध्याकाळी उस्तादांच्या खोलीत सगळे होते. फौजदार खिडकीपाशी. काडी दाराशी, मान खाली घालून. स्वागतिका पलंगाच्या उशाशी खुर्ची ओढून बसलेली. वहिनी पलीकडच्या भिंतीला टेकून उभ्या. त्यांच्याबरोबर कोणी आलं नव्हतं.

“बाई, लवकर आटपा,” फौजदार म्हणाले. “मला हिला घेऊन जायचंय.”

“एक प्रश्न,” वाटणीबाई म्हणाल्या. “लिफ्ट कोणी थांबवली?”

“काडीने. स्विच बंद करून.”

“काडी सहा मजले उतरून खाली आले तेव्हा स्विच चालू होता. त्यांनीच सांगितलंय. म्हणजे ते धावत येत असताना लिफ्टला वीज होती. तेवढ्या वेळात ती तळापर्यंत यायला हवी होती. उस्तादांचा चेंदामेंदा व्हायला हवा होता. पण लिफ्ट निम्म्यावर उभी होती. शांतपणे. वीज असूनही. फौजदारसाहेब, तिला कोणी धरून ठेवलं होतं?”

फौजदारांनी खिडकी सोडली.

“काडी काय म्हणाले ते आठवा. उस्तादांना बाहेर काढण्यासाठी त्यांनी लाल बटण ओढलं. ओढलं, म्हणजे ते दाबलेलं होतं. ते दाबलेलं असताना लिफ्ट हलत नाही. खड्ड्यात एकच माणूस होता.”

“मीच दाबलं असेल,” उस्ताद घाईने म्हणाले. “लिफ्ट अंगावर आली तेव्हा.”

“तुम्ही मला सांगितलंत की तळ हातावर आला आणि तिथल्या तिथे शुद्ध गेली. हललातच नाही. सापडलात पलीकडच्या कोपऱ्यात. बटण शिडीपाशी आहे.”

“मग आधी दाबलं असेल! उतरताना! सवयच आहे ती.”

“हो,” वाटणीबाई म्हणाल्या. “आधीच दाबलंत. आणि आधी दाबलं असेल, तर लिफ्ट तुमच्या अंगावर आलीच नाही.”

उस्तादांनी प्लॅस्टर छातीशी ओढलं.

“काडींना तुम्हीच गच्चीवर पाठवलंत. ते जिना चढत असतानाच लिफ्ट खाली बोलावलीत आणि मध्येच स्विच बंद करून निम्म्यावर थांबवलीत. वहिनींना खोट्या सहीसाठी बोलावून बोळात बसवलंत, म्हणजे त्यांना जाताना-येताना सगळे बघतील. त्या जाईपर्यंत आडोशाला थांबलात, मग स्विच चालू केलात आणि कुलूप नुसतं अडकवून ठेवलंत. उघडं कुलूप टांगायला चावी लागत नाही. ते लागलेलं कोणीच पाहिलं नव्हतं. काडींनी पाहिलं ते फक्त टांगताना. मग खाली उतरलात, मोठा पाना उजव्या हातात घेतलात आणि स्वतःचं डावं मनगट मोडलंत. सगळं जमलं होतं. फक्त खड्ड्यात पाय ठेवताच हाताने एकतीस वर्षांचं काम केलं. तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही.”

“उस्ताद,” काडी दाराशी पुटपुटला, “तुम्हीच मला शिकवलं होतंत हो.”

फौजदारांनी वहीचं पान उलटलं.

“पण कशासाठी?” ते म्हणाले. “अर्धी पेन्शन वाचवायला हात मोडून घ्यायचा? ह्या वयात?”

“पेन्शनसाठी नाही,” वाटणीबाई म्हणाल्या. “पैसा हवा असता तर वाटणीला त्यांनी आधीच खोडा घातला असता. सहा महिने हे हो म्हणत होते. पण हल्ली ते लांबच्या रस्त्याने घरी जातात. दुकानाच्या काचेत कुठले पडदे आहेत, चहा किती वाजता होतो, कप कोण विसळतं, सगळं त्यांना माहीत आहे.”

उस्तादांनी वहिनींकडे पाहिलं. खोलीतल्या बाकी कोणाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

“ती हसत होती,” ते म्हणाले. “रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. मी समोरच्या दुकानाच्या फळीखाली उभा. तो काहीतरी बोलला आणि ही पोट धरून हसली. सव्वीस वर्षांत माझ्या घरात अशी हसली नाही. मला वाटायचं, हिला हसताच येत नाही, हिचा स्वभावच तसा. आणि त्या माणसापाशी…! वर माझ्या मेहनतीचे पैसे घेऊन ही त्याच्याबरोबर खोली करणार. मी खड्ड्यात ग्रीस चाटायचं आणि ह्यांनी माझ्या जिवावर हसायचं? मला ती तुरुंगात गेलेली चालली असती. त्याच्याकडे गेलेली नाही.”

वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

बोलली ती स्वागतिका. ती हळूच उठली.

“माझ्याकडे तो तिसऱ्या मजल्यावरचा साहेब रोज फुलं आणायचा,” ती म्हणाली. “वर्षभर. मी मुद्दाम तुला सांगायचे. मला वाटायचं तू चिडशील, एखादा कप तरी फोडशील. तू म्हणालास, फुलदाणीत पाणी घाल.” तिने प्लॅस्टरकडे बोट दाखवलं. “आणि तिच्यासाठी हात मोडून घेतलास. उगाच नव्हते मी जळत.”

उस्तादांनी तिचा हात धरायला उजवा हात पुढे केला. तो मात्र तिच्यापर्यंत पोचला नाही. ती काडीच्या बाजूने बाहेर पडली आणि दार तिने सावकाश लावलं.

फौजदार घसा खाकरून म्हणाले, “खोटी फिर्याद, खोटा पुरावा. बरे झालात की तुम्हाला यावं लागेल.”

“वहिनी,” वाटणीबाई म्हणाल्या, “तुमचं अर्धं शाबूत आहे. शुक्रवारी शिक्का बसेल. पण आणखी एक आहे. नियम दोन्ही बाजूंना सारखा. जोडीदारावर खोटा आळ घेऊन त्याचा हक्क बुडवायला बघितला, तर बुडवणाऱ्याचा वाटा जाऊ शकतो. तुम्ही अर्ज केलात तर त्यांचं अर्धंही तुम्हाला मिळेल. मी स्वतः लिहून देईन.”

उस्तादांचा चेहरा पांढरा पडला. एकतीस वर्षं खड्ड्यात काढलेला माणूस, आणि हाताशी काही उरणार नव्हतं. ना घर, ना बाई, ना पेन्शन. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

वहिनींनी विचार केला. खूप वेळ नाही केला.

“नको,” त्या म्हणाल्या. “त्यांचं त्यांना राहू द्या. मला त्यातलं काही नको.”

“नीट विचार करा. दयेचा हा प्रश्न नाही.”

“दया नाही हो बाई. त्यांचं घेतलं तर जन्मभर म्हणतील, माझ्या जिवावर जगते. माझं अर्धं मी कमावलंय. ते घेताना मला मान खाली घालायची नाहीये.”

वाटणीबाईंनी मान डोलावली आणि पिशवी उचलली. वहिनीही दाराकडे वळल्या.

“म्हणजे तू जाणारच,” मागून उस्ताद म्हणाले. रागवायलाही आता त्यांच्यात जोर नव्हता. “माझ्या पेन्शनवर खोली घेशील. आणि त्याच्याबरोबर हसशील.”

वहिनी दारात थांबल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्यांनाही नसेल.

“हो,” त्या म्हणाल्या. “हसेन.”

आणि काडीला वाट द्यायला सांगून त्या जिना उतरून गेल्या.